बिनहवेचं काँक्रीट

आमच्या घरापुढचा ड्राइव्ह-वे बघायला आता कोणी येत नाही, ही माझ्यावर झालेली मेहेरबानीच आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये लोक मुद्दाम येत. मिसिसागातले येत, नॉर्थ यॉर्कहून येत. एक जण तर कॅनडातल्याच लंडनला मुलीला कॉलेजात सोडून परतताना वाट वाकडी करून आला होता. मी त्यांना चपला काढून वर चालून बघायला सांगत असे. हे वाक्य लिहितानाही माझे कान गरम झाले आहेत, पण सांगायला बसलो आहे तर सगळंच सांगतो.

मी सिव्हिल इंजिनियर. हल्ली विमानतळाजवळच्या एका गोदामाच्या ऑफिसात बसून कुठला ट्रक कुठल्या दाराला लागेल ते ठरवतो, पण ते पोटासाठी. त्याआधी सतरा वर्षं मी अबूधाबीच्या वाळवंटात काँक्रीट ओतलं. पन्नास डिग्रीच्या उन्हात काँक्रीटमधलं पाणी बघता बघता उडून जातं आणि वर तडे पडतात. म्हणून तिथे पहाटे ओतायचं, पाण्याऐवजी बर्फ घालायचा, वर सावली धरायची आणि पुढचे चौदा दिवस ओली पोती पांघरून ठेवायची. तिथल्या एका बड्या माणसाच्या बंगल्यापुढे मी केलेला ड्राइव्ह-वे अजून जसाच्या तसा आहे, आणि तिथला जुना सुपरवायझर दर दिवाळीला मला त्याचा फोटो पाठवतो. तो फोटो मी आजवर कोणाकोणाला दाखवला आहे, याची यादी माझ्या बायकोने, चित्राने, एकदा पाहुण्यांसमोर म्हणून दाखवली होती. त्यात आमचा दातांचा डॉक्टरही होता.

मिसिसागात आम्ही घेतलं ते जोडघर. मधे एक भिंत, पलीकडच्या अर्ध्यात नागपूरचा शुभंकर आणि त्याची आई, उमाकाकू. शुभंकर सॉफ्टवेअरमधला, दिवसभर बेसमेंटमध्ये हेडफोन लावून बसलेला. काकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या, वॉकर घेऊन चालणाऱ्या. दोन्ही घरांचे ड्राइव्ह-वे एकमेकांना चिकटून, डांबरी, जुने आणि जागोजागी खचलेले. काकूंचा दिवस अकरा वाजता सुरू होई. रस्त्याच्या कोपऱ्यावर एक बाक आहे, तिथे एक पंजाबी आजी, एक श्रीलंकेची आजी आणि काकू, अशा तिघी बसत. तिघींना एकमेकींची भाषा येत नाही. तरी दीड तास बोलणं चाले. काकू सांगत की मुलगा कामात, टीव्ही कळत नाही, तेव्हा त्यांचा कॅनडा म्हणजे तो बाक. पण बाकापर्यंत जायचं तर आधी ड्राइव्ह-वे ओलांडायचा, आणि वॉकरची लहान चाकं डांबरातल्या खळग्यांत अडकत. एकदा त्या पडता पडता वाचल्या.

मी तिथल्या तिथे जाहीर केलं की दोन्ही घरांचं मिळून काँक्रीट करू आणि दोन-दोन फूट रुंदही करू, म्हणजे गाडी उभी असली तरी शेजारून वॉकर जाईल. “काकू,” मी म्हटलं, “पन्नास वर्षं बघायला नको.” त्यांनी माझ्याकडे अशा विश्वासाने पाहिलं की मला सतरा वर्षांत कुठल्या शेठने तसं पाहिलेलं आठवेना.

सुरुवात सिटीच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, परवानगीपासून झाली. रुंदी वाढवायची तर नकाशा लागतो असं कळलं. मी तीन शनिवार खपून अकरा कागद तयार केले. त्यात मातीची भारक्षमता, सळयांचं वेळापत्रक, पाण्याचा उतार आणि वाऱ्याच्या दिशेचा एक आलेखही होता. खिडकीमागच्या मुलीने अकराही कागद उलटून पाहिले आणि विचारलं की तुमचं घर कुठलं आणि ड्राइव्ह-वे कुठला ते यात कुठे दाखवलंय. ते दाखवायचं राहिलं होतं. तिने मला एक कोरा कागद आणि पेन्सिल दिली. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाने कुंपणाचा नकाशा पिझ्झाच्या पावतीमागे काढून आणला होता आणि त्याचं काम माझ्याआधी झालं. मग जमिनीखाली गॅसचे पाइप कुठे आहेत ते दाखवायला एक माणूस आला आणि चित्राच्या पुदिन्याच्या वाफ्यावरून पिवळी रेघ मारून गेला. यावर घरात जे बोलणं झालं त्याचा काँक्रीटशी संबंध नाही.

सल्ले देणाऱ्यांची कमी नव्हती. इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब यांनी नॉर्थ यॉर्कहून फोन करून मुहूर्त सुचवला. कोणी म्हणालं विटा बसवा, कोणी म्हणालं घर विका. मी सगळ्यांचं हसून ऐकत होतो, ज्ञानी माणसं हसतात तसं. एकच सल्ला असा होता की ज्यावर मी हसलोही नाही, आणि तो समोरच्या ज्योचा होता.

ज्यो पोर्तुगीज. चाळीस वर्षं त्याने याच गावात काँक्रीटवर थापी फिरवली आणि आता निवृत्त होऊन गॅरेजचं दार वर करून खुर्ची टाकून बसतो. मी फळ्या ठोकत असताना तो रस्ता ओलांडून आला, फळ्यांची लेव्हल नुसत्या डोळ्यांनी बघितली आणि मान हलवली. ठीक होती. मग त्याने विचारलं, “बॉस, काँक्रीट ऑर्डर केलंस, एअर घालून ना?”

इथे थोडं थांबून समजावून सांगायला हवं. या देशात बाहेरच्या काँक्रीटमध्ये एक औषध घालून मुद्दाम बारीक बारीक बुडबुडे तयार करतात, शेकडा सहा-सात. हिवाळ्यात आत शिरलेलं पाणी गोठून फुगतं, तेव्हा त्याला पसरायला जागा लागते, ती या बुडबुड्यांची. मला हे ठाऊक नव्हतं असं मला म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. कॉलेजच्या पुस्तकात त्यावर एक अख्खा परिच्छेद होता. पण ज्या माणसाने सतरा वर्षं काँक्रीटमधून हवा बाहेर काढण्यात घालवली, हवेचा एक खळगा दिसला तर कंत्राटदाराला उन्हात उभं केलं, त्याला कोणी हवा घाल म्हणालं तर काय वाटेल? आणि त्याहून खोलवर दुसरी गोष्ट होती. शेकडा सात हवा म्हणजे शंभर घमेली मागवली तर सात घमेली नुसती हवा. ज्या घरात लहानपणी आई दूधवाल्याला फेस बसेपर्यंत दारात उभं करून मग माप घ्यायची, त्या घरातला मी. मला वाटलं, हे लोक हवा विकतायत.

हे मी ज्योला सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, चांगली वीस मिनिटं, आणि शेवटी हेही सांगितलं की माझ्या हाताखाली तीनशे माणसं होती.

ज्यो म्हणाला, “आणि थापी? थापी कोण मारायचं, तू की ते तीनशे?”

मी पुढची फळी ठोकायला घेतली. थापी मारणाऱ्याने इंजिनियरला शिकवावं, हेच मला लागलं होतं. ज्योने खांदे उडवले आणि दुसऱ्या दिवशी घरचे टोमॅटो आणून दिले. मी ते तिखट-मीठ लावून खाल्ले आणि सल्ला तेवढा परत केला.

काँक्रीटच्या प्लांटला फोन केला तर तिकडच्या बाईंनी दोनदा विचारलं की बाहेरच्या कामाला बिनहवेचं नक्की हवं का. मी ठणकावून हो म्हटलं. मग मी पहाटे साडेचारला ट्रक मागितला. सातच्या आधी आवाज केला तर दंड होतो, असं कळलं. मग मी मिश्रणात पाण्याऐवजी बर्फ मागितला. हिवाळ्यात आम्ही पाणी तापवून घालतो, त्या म्हणाल्या, पण बर्फ अजून कोणी मागितला नव्हता. शेवटी त्यांनी थंड पाण्यावर तडजोड केली. मी सावलीसाठी चार चादरी, वारा अडवायला चित्राच्या दोन जुन्या साड्या आणि काँक्रीटचा ताप मोजायला थर्मामीटर तयार ठेवला. आठवडाभर तेहेतीस डिग्री चालू होतं.

ओतायच्या दिवशी सकाळी चौदा डिग्री होतं, आभाळ भरलेलं, हवा गार. उन्हाळ्यात तसा दिवस पुन्हा आला नाही. चादरींखाली आम्ही सगळे कुडकुडत उभे होतो. आम्ही म्हणजे मी, शुभंकर आणि मंडळातले त्याचे तीन मित्र, सगळे सॉफ्टवेअरवाले, नव्या कोऱ्या गमबुटांत. साडेनऊला त्यांची रोजची मीटिंग असते. साडेनऊला अर्धं काँक्रीट खाली पडलेलं, अर्धं ट्रकमध्ये, आणि चौघेही कानात यंत्र घालून फावडं मारता मारता काल काय केलं नि आज काय करणार ते एकमेकांना नि जगाला सांगत होते. ट्रकवाल्याने एक कागद पुढे केला. त्यात एक चौकट होती : ग्राहकाच्या सांगण्यावरून हवा घातलेली नाही. मी चौकटीवर सही केली. ठळक, लपेटीदार, इंजिनियरची सही.

मधे चौघांची त्रेधा उडालेली पाहून ज्यो न बोलावता आला, गमबूट घालून आत उतरला आणि दोन तास एकट्याने थापी मारली. जाताना तो हवेचं काही बोलला नाही. मी त्याला चहा विचारला, एवढंच.

पोत्यांचं प्रकरण वेगळंच. मंडळात मी आवाहन केलं, आणि प्रत्येक मराठी घरातून बासमतीची रिकामी पोती आली. हत्तीची, महालाची, मोराची. ती भिजवून आम्ही दोन्ही घरांपुढे अंथरली. चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ मी त्यांना पाणी घालत होतो. चौथ्या दिवशी ओल्या तागाचा वास सुटला. सहाव्या दिवशी कोणीतरी तक्रार केली आणि सिटीचा माणूस आला. त्याला मी क्युअरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून मुरवणं, समजावलं. त्याने ते लिहून घेतलं, निदान मला तसं वाटलं. नंतर कागद पाहिला तर त्यावर “तांदूळ?” एवढंच होतं. आमच्या ईशानीला, वय चौदा, तिच्या मैत्रिणींनी विचारलं की तुम्ही शेती करता का. ती दोन आठवडे मागच्या दाराने ये-जा करत होती.

पण पोती उचलली तेव्हा खाली असं काँक्रीट निघालं की मला भरून आलं. एक तडा नाही. त्या दिवशी अकराला उमाकाकू वॉकर घेऊन बाहेर आल्या आणि सरळ, न अडखळता रस्त्यापर्यंत गेल्या. परत येऊन त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली. मग सुरू झाली ती चपला काढायची मिरवणूक.

हिवाळा आला. बर्फ वितळायला इथे मीठ टाकतात, ते मी टाकू दिलं नाही, पहाटे उठून दोन्ही बाजूंचं बर्फ स्वतः फावड्याने काढलं. पण गाड्यांच्या चाकांतून रस्त्यावरचं मीठ यायचं ते आलंच. त्या वर्षी थंडी धड पडेना. दुपारी वितळायचं, रात्री गोठायचं, पुन्हा वितळायचं. मार्चमध्ये बर्फ गेलं आणि खालून माझा ड्राइव्ह-वे वर आला. त्याची साल गेली होती. जागोजागी पोपडे सुटलेले, खडी उघडी पडलेली, बोट घातलं तर पेरभर आत जाईल असे खळगे. डांबर परवडलं असतं.

मी काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण इथूनच खरी लाज सुरू होते. आधी मी मिठाला दोष दिला. मग बर्फ ढकलणाऱ्या गाडीला. मग ओंटारियोच्या खडीला. शुभंकरच्या गाडीचं वजन जास्त आहे, असंही एकदा म्हणालो. मग मी प्लांटला चार पानी पत्र लिहिलं, आखाती अनुभवाच्या उल्लेखासह. त्यांचं उत्तर एका पानाचं होतं. ट्रकवाल्याच्या त्या कागदाची झेरॉक्स, चौकटीभोवती लाल गोल, आणि गोलात माझी लपेटीदार सही. चित्राने ते वाचलं, घडी घातली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

एप्रिलमध्ये ऊन पडलं, पण काकू बाकावर दिसेनात. विचारलं तर म्हणाल्या (मला त्या भाऊ म्हणतात), “गुडघा धरला हो भाऊ. वय झालं.” मी त्यांना नागपूरहून कोणीतरी पाठवलेलं तेल आणून दिलं. चांगले तीन आठवडे मी रोज त्यांच्या गुडघ्याची चौकशी करत होतो, आणि त्या रोज मला गुडघ्याचं नवीन दुखणं सांगत होत्या.

एके दिवशी मी जेवताना म्हटलं की काकूंना एखाद्या हाडांच्या डॉक्टरांकडे न्यायला हवं. ईशानीने चमचा खाली ठेवला. “बाबा, हर नी इज फाइन,” ती म्हणाली. “तिचं व्हील तुझ्या ड्राइव्ह-वेमध्ये अडकतं. शी फेल. तिने मला प्रॉमिस करायला लावलं, बाबांना सांगायचं नाही. शी सेड, यू विल फील बॅड.”

ड्राइव्ह-वेवरून काकूंच्या दिवाणखान्याचा पडदा दिसतो. अकरा वाजता तो जरा बाजूला होतो आणि साडेबारापर्यंत तसाच राहतो, हे मी महिनाभर दर शनिवार-रविवारी बघत होतो. मला वाटायचं त्या पक्षी बघतात.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. म्हणजे तोंडाने सगळं कबूल करायला गेलो, पण त्यांनी दार उघडून पोह्यांचं विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं की काकू, मिठामुळे काँक्रीट जरा खराब झालंय, तुमच्या बाजूचं पुन्हा करून घेतो म्हणतो. “हो ना, मीठच ते,” काकू लगेच म्हणाल्या, “इकडलं मीठ लई वाईट.” मी पोहे खाल्ले आणि घरी आलो. एवढा भित्रा माणूस मी आरशात याआधी पाहिला नव्हता.

मग ज्योकडे गेलो. तो गॅरेजमध्ये खुर्चीत होता. मी हवामानाबद्दल बोललो, टोमॅटोच्या रोपांबद्दल बोललो. बराच वेळ ऐकून त्याने विचारलं, “नो एअर?” मी मान हलवली. त्याने एवढंच सांगितलं की आता त्याच्या पाठीला एकच बाजू झेपेल, दुसरी पुढच्या वर्षी. एक बाजू म्हणजे कुठली, हे चित्राने ठरवलं. मला विचारलंही नाही.

जूनमध्ये जुनं फोडायला घेतलं आणि माझ्या फजितीत शेवटची भर पडली. वरची साल तेवढी गेलेली. आतलं काँक्रीट काही केल्या फुटेना. चौदा दिवस पाणी प्यालेलं ते, दीड दिवसाच्या कामाला चार दिवस लागले. भाड्याच्या ड्रिलचं एक टोक मोडलं, दुसरं वाकलं, गल्लीतल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. ज्योने एक तुकडा हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाला की चांगलं काँक्रीट आहे. तो टोमणा नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. मग त्याने हवा घातलेलं मागवलं, आणि मी त्याच्या हाताखाली फावडं मारलं. तो “बॉस” म्हणायचा ते त्याने त्या दिवशीही सोडलं नाही.

काकू पुन्हा बाकावर जाऊ लागल्या. गुडघ्याचं नाव निघालं नाही. त्यांची बाजू तळहातासारखी गुळगुळीत, आणि तिला लागून माझी बाजू, पोपडे निघालेली.

सप्टेंबरमध्ये भाऊसाहेब आले. त्यांनी नॉर्थ यॉर्कचा काँडो, म्हणजे फ्लॅट, विकून जवळच घर घेतलं होतं आणि त्यांना ड्राइव्ह-वे करायचा होता. मंडळात माझी कीर्ती अजून गेल्या वर्षीचीच चालू होती. मी बाहेर पानं ओढत होतो, काकू नुकत्याच वॉकर घेऊन निघाल्या होत्या. भाऊसाहेब दोन्ही बाजूंकडे बघत मधल्या रेघेवर उभे राहिले. त्यांना प्रश्न पडला, आणि मला तो प्रश्न त्यांनी विचारायच्या आत कळला.

मी तोंड उघडायच्या आत काकूंनी गुळगुळीत बाजूकडे बोट केलं. “हे आपल्या भाऊंनीच केलं,” त्या म्हणाल्या. “त्यांची बाजू जुनी आहे, करायची राहिली.”

भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. वाटलंच मला, ते म्हणाले, आणि पायाने जमीन चाचपत, माझ्या आखाती अनुभवाबद्दल बोलू लागले. मी गप्प राहिलो असतो तर झालं असतं. काकू माझ्याकडे बघत नव्हत्या, समोर रस्त्याकडे बघत होत्या, मला सोपं जावं म्हणून.

“भाऊसाहेब,” मी म्हटलं, “ती बाजू समोरच्या ज्योने केली. मी केलेली ही. ज्योने मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. काकू पडल्या त्या माझ्यामुळे.”

भाऊसाहेबांनी घड्याळ बघितलं. मग जरा घुटमळत त्यांनी ज्योचा नंबर मागितला. मी दिला. ते रस्ता ओलांडून गॅरेजकडे गेले.

काकू वॉकर धरून तशाच उभ्या होत्या. “कशाला बोलले भाऊ?” त्या हळूच म्हणाल्या. “मी सांभाळून घेतलं असतं.”

“ठाऊक आहे काकू,” मी म्हटलं. “एप्रिलपासून तुम्ही तेच करताय.”

वॉकरवरचा एक हात सोडून त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं आणि बाकाकडे निघाल्या. त्या कोपऱ्यावर पोचून बसेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.